शिट्टीपुरतं

१

नगरपालिकेत तिला सगळे शिट्टीबाई म्हणायचे. अगदी तोंडावर नाही, पण फार मागेही नाही; दोन टेबलं सोडून, तिला ऐकू जाईल अशा बेतानं. तिची काही तक्रार नव्हती. सहा वर्षं एकच फाईल सांभाळल्यावर दुसरं काय होणार? शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ बारा वर्षं गटारांचं काम बघत होते. त्यांच्या मानानं तिचं बरंच बरं चाललं होतं.

फाईल होती गावातल्या तीन रेल्वे फाटकांची. गाडी फाटकाजवळ आली की ड्रायव्हरनं दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब शिट्टी द्यायची, असा रेल्वेचा नियम. एकूण चौदा सेकंद. गाव म्हणत होतं, पुरे झालं. रेल्वे म्हणत होती, आधी फाटकांना दोन्ही बाजूंनी दांडे बसवा, रस्त्यात दुभाजक घाला, दिवे लावा, मग बघू. तिनं सहा वर्षं पत्रं लिहून ते सगळं करून घेतलं. शेवटी तीन महिन्यांची चाचणी ठरली. तीन महिने शिट्टी बंद. तेवढ्यात एकाही रहिवाशाची लेखी हरकत आली नाही, तर कायमची बंद. एक जरी आली, तर पूर्ववत सुरू. ‘एक जरी’च्या खाली रेल्वेनं शाईनं रेघ मारली होती.

पहिल्या दिवशी ती मधल्या फाटकावर वही घेऊन उभी राहिली. दांडे खाली आले, दिवे लुकलुकले आणि गाडी निघून गेली. उशिरा आलेला माणूस सभेत शिरतो ना, तशी, अंग चोरून. फाटकापाशी थांबलेले दोघे-तिघे एकमेकांकडे बघायला लागले.

“बाई, गेली की हो,” साहेब म्हणाले. ते खास गाडी काढून आले होते. “तुम्ही करून दाखवलंत.”

“फाईलनं केलं, साहेब,” ती म्हणाली, आणि घरी जाईपर्यंत तिला स्वतःचंच इतकं कौतुक वाटत होतं, की दूध घ्यायचं राहून गेलं.

२

त्या गावात एक गोष्ट होती, जी गावकऱ्यांना कधी गोष्ट वाटलीच नव्हती. गाडी शिट्टी द्यायला लागली की माणसं बोलता बोलता थांबत. शब्द अर्धा असला तरी तिथेच. मास्तर खडू हवेत धरून थांबत, न्हावी वस्तरा उचलून थांबे, दुकानात मापं थांबत. शिट्टी संपली की त्याच शब्दापासून पुढे. याला ‘शिट्टीपुरतं थांबणं’ म्हणत. चौदा सेकंदांत राग उतरलेली नवरा-बायको गावात होती, आणि चौदा सेकंदांत आणखी काहीतरी आठवून चवताळलेलीही.

शिट्टी गेली, पण थांबणं गेलं नाही. बारा पन्नासची गाडी आली की अख्खं ऑफिस गप्प व्हायचं. साहेबांचं बोट वर, शिपायाचा पेला तोंडाशी, आणि मधोमध एकटा पंखा घरघरतोय. मग कुणीतरी फिसकन हसायचं.

दोन आठवड्यांत ही खोड मोडली. मोडायचीच. घरोघरी मध्ये तोंड घालायला कुणी ना कुणी असतंच. “पुढे काय झालं, सांगा ना,” असं बायको म्हणाली, की नवरा कशाला थांबतोय?

तिला मध्ये तोंड घालणारं कुणी नव्हतं. मधल्या फाटकापासून चौथं घर तिचं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आईला जाऊन दोन. दादा वीस वर्षांपूर्वीच नोकरीनिमित्त दूर गेला होता आणि आता त्याच्याकडे एक खोली रिकामी होती, हे तो दर फोनवर सांगायचा.

“एकटीनं काय करायचंय तुला त्या घरात?”

“राहायचंय,” ती म्हणायची.

यापेक्षा चांगलं उत्तर तिला सुचलं नव्हतं, पण तेवढं मात्र खरं होतं. चाळिशी उलटलेली बाई भावाच्या रिकाम्या खोलीत गेली, की तिचं काय होतं ते तिनं बघितलं होतं. ती हळूहळू त्या खोलीतलं सामान होते. स्वतःच्या घरात स्वतःच्या किल्लीनं शिरणं, दिवा लावणं, “आले गं बाई एकदाची” असं भिंतींना सांगणं, एवढं तिला हवं होतं. त्यापलीकडे तिनं कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

३

रविवार होता. दुपारी ती बाहेरच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती आणि गुणगुणत होती. तिचा आवाज असा, की आई म्हणायची, तू आपली मनातल्या मनात म्हण. चार वाजून दहा मिनिटांनी ती थांबली. इस्त्री वर उचललेली, सूर अर्धा. लांबून गाडीची धडधड आली.

आतल्या खोलीत खुर्ची करकरली. कुणी उठलं की करकरते तशी.

मग पावलं. चपला घातलेली, सावकाश. आतली खोली, मधला बोळ, बाहेरची खोली. सात. सातवं पाऊल तिच्या पाठीमागे थांबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग सात पावलं मागे, आणि पुन्हा खुर्ची.

धडधड संपली. तिनं सूर पुढे उचलला, कारण चाळीस वर्षांची सवय. दोन शब्द गायल्यावर तिनं गाणं सोडलं. इस्त्री अजून हातातच होती, म्हणून काहीतरी जळण्यापासून वाचलं.

तिनं आत जाऊन बघितलं. कुणी नव्हतं. खुर्ची खुर्चीच्या जागी होती, तिच्यावर तिनंच टाकलेले टॉवेल. ती टॉवेलांकडे बघत उभी राहिली. कुणी बसलं असतं तर चुरगळले असते. ते मुळातच चुरगळलेले होते. घर नीट ठेवायला हवं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं.

४

ती काही घाबरट नव्हती. सरकारी कागद वाचून वाचून तिच्या अंगात एक प्रकारची चिवट शंका मुरली होती. शेजारच्या घरातला आवाज असेल. नळाच्या पाइपात हवा असेल. गाडीच्या धक्क्यानं फरशी बोलत असेल. तिनं तिन्ही शक्यता कागदावर लिहिल्या आणि एकेक खोडली. शेजारी गावाला गेले होते. नळ तिनं मुख्य चावीपासून बंद केला. फरशी सरळ सात पावलं बोलत जाऊन परत येत नाही.

मग तिनं ऑफिसातून आवाज मोजायचं यंत्र घरी आणलं. फाटकावर नोंदी घ्यायला तिच्याच ताब्यात होतं ते. यंत्राला भास होत नाहीत. संध्याकाळच्या सहा पस्तीसला तिनं ते बोळाच्या तोंडाशी, स्टुलावर ठेवलं. गाडी अजून लांब होती, आकडा अडतीसवर होता. खुर्ची करकरली, आकडा उचलला. पाऊल, आकडा. पाऊल, आकडा. पावलं स्टुलाशेजारून गेली तेव्हा बावन्न झाले.

तिनं जागा बदलून बघितल्या. स्वयंपाकघरात बसली, तर नऊ पावलं. अंगणातल्या पायरीवर बसली, तर अकरा. दर वेळी पावलं बरोबर तिच्या पाठीशी येऊन थांबायची. चुकायची नाहीत, शोधायची नाहीत. जाणं, उभं राहणं, परतणं, सगळं मिळून चौदा सेकंद.

त्या चौदा सेकंदांत मान वळवायचं तिच्यानं होत नसे. आपण शिट्टीपुरतं थांबलोय, शिट्टीपुरतं थांबलेलं माणूस हलत नसतं, असं ती स्वतःला सांगे. हे कारण तिलाही फारसं पटत नव्हतं.

एका संध्याकाळी पायरीवर बसल्या बसल्या तिला दोन गोष्टी एकदम कळल्या. हे काही नवीन सुरू झालेलं नव्हतं. ती या घरात जन्मल्यापासून रोज, प्रत्येक गाडीला हे चाललं असणार. वर शिट्टी असायची, म्हणून ऐकू आलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट अशी, की शिट्टी बंद झाल्याची सूचना तिनं घरोघर वाटली होती, दवंडीची गाडी फिरवली होती, फाटकांवर फलक लावले होते. पण ते जे काही होतं, त्याला हे अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. आपण ऐकू येतोय, हे त्याला माहीत नव्हतं.

तिला हसू आलं. सूचना न पोचलेला एक तरी रहिवासी निघतोच. मग ती उठून आत गेली आणि सगळे दिवे लावले, अजून उजेड होता तरी.

५

बोलत राहिलं तर थांबणं मोडेल, आणि थांबलो नाही तर ऐकू येणार नाही, असा तिनं हिशेब केला. म्हणून सहा पस्तीसच्या आधी तिनं दादाला फोन लावला.

“काय गं, आज सोमवारी फोन? बरी आहेस ना?”

“बरी नसले तरच फोन करायचा का?”

“तसं नाही. तुझी वहिनी म्हणत होती, खोलीला नवे पडदे लावलेत. फिकट हिरवे. तू बघितलेस तर तुला...”

दादा थांबला. वीस वर्षं दूर राहून, तिकडे गाडी नाही, शिट्टी नाही, तरी घड्याळाच्या काट्यावर अर्ध्या वाक्यात थांबला. तीही थांबली. दोघं भावंडं फोन कानाला लावून गप्प. धडधड. खुर्ची. सात पावलं.

सात पावलं मागे.

“...आवडतील,” दादा म्हणाला. “आणि एक सांगू? घरात चपला घालून फिरत जाऊ नकोस. आईला खपायचं नाही ते.”

ती पाय वर घेऊन कोचावर बसली होती. पायांत काही नव्हतं.

“दादा,” ती म्हणाली, “आपण लहान असताना घरात कोण घालायचं चपला?”

“कुणीच नाही. हिंमत होती का?” तो हसला. “का गं?”

“काही नाही. पडद्यांचा रंग चांगला घेतलाय.”

६

चाचणी संपायला आठवडा राहिला तेव्हा घरोघर जाऊन विचारायचं होतं, शिट्टी बंद झाल्यापासून काही त्रास? नमुना छापील होता. नाव, पत्ता, त्रास असल्यास थोडक्यात. लोक तिला बसवून चहा देत होते. एका बाईनं तर मूल पहिल्यांदा दुपारभर झोपल्याचं सांगता सांगता डोळे पुसले. ती पुढच्या घरी गेली ती थोडी ताठ होऊनच.

फाटकाच्या पलीकडच्या अंगाला घड्याळवाले काका राहायचे. बायको कधीच गेलेली, दुकान बंद केलेलं. आता घरीच कुणाचं घड्याळ आलं तर बघायचे. त्यांनी दार उघडलं आणि तिच्याकडे पाठ न करता, मागे मागे चालत खुर्चीपर्यंत गेले. खुर्ची भिंतीला टेकवलेली. काका बसले ते पाठ भिंतीला चिकटवून. टेबल भिंतीशी, पलंग भिंतीशी. आतल्या एकाही खोलीला दार नव्हतं, नुसत्या चौकटी.

“दारं काढलीत?” तिनं विचारलं.

“कोपऱ्यावर वळताना दिसायला हवं,” काका म्हणाले. “तुम्हीही एकट्याच ना हो?”

“हो.”

“मग तुम्हाला काय सांगायचं?” त्यांनी तिच्या पायांकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. “भिंतीला पाठ लावून बसत जा. तेव्हा जरा अंतरावर थांबतं.”

तिच्या हातातलं पेन कागदावर टेकलं होतं. शाईचा ठिपका वाढत होता.

“काका, हरकत लिहू? तुमची एक पुरे आहे. परत सुरू होईल शिट्टी.”

“आणि मग?” काका म्हणाले. “मग फक्त ऐकू येणार नाही, बाई. यायचं थोडंच थांबणार आहे?”

तिनं त्रासाच्या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलं. काकांनी सही केली. घड्याळवाल्याची सही, बारीक आणि नेमकी.

७

त्याच संध्याकाळी तिनं चूक केली. सहा पस्तीसला ती भिंतीला पाठ लावून बसली नाही. नाही म्हणजे नाही. घर तिचं होतं. तिनं टीव्हीसमोरची खुर्ची खोलीच्या मधोमध ओढली, बोळाकडे पाठ केली आणि वाट बघितली. सात पावलं आली आणि थांबली.

“कोण?” ती म्हणाली.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्या घरात त्या वेळेला पहिल्यांदाच कुणी बोललं.

धडधड लांब गेली. चौदा झाले, वीस झाले. ती परतणारी पावलं ऐकायला बसून राहिली. ती आली नाहीत. आतली खुर्ची करकरली नाही. अखेर तिनं मान वळवली. मागे खोली होती, तिची, रिकामी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वीसला, रविवारी चार दहाला, तिनं श्वास रोखून ऐकलं. काहीच नाही. यंत्राचा आकडा गाडीच्या धडधडीपलीकडे हलला नाही. कुणीही म्हणेल, सुटलीस. पण तिनं येताना ऐकलं होतं आणि जाताना ऐकलं नव्हतं. आता ती भांडी घासताना मध्येच नळ बंद करायची. केस विंचरताना हात थांबवायची. सहा वर्षं जिच्यासाठी पत्रं लिहिली ती शांतता आता घरभर होती, आणि तिच्यात तिला आपल्या पाठीमागे एका माणसाइतकी जागा भरलेली वाटायची. “आले गं बाई एकदाची” म्हणणं तिनं बंद केलं. कुणाला सांगतोय, हे आता नक्की नव्हतं.

दादाकडे जाता आलं असतं. पडदे फिकट हिरवे होते. तिनं एकदा बॅगही काढली, आणि तिच्यात काय भरायचं हे न सुचल्यानं पुन्हा माळ्यावर टाकली. ज्या घरात ती आयुष्यभर काही न ऐकता सुखानं राहिली होती, तेच तिला परत हवं होतं. काका म्हणत होते ते खरं असेल. पण न ऐकू येणं म्हणजे काही लहान गोष्ट आहे का?

चाचणीच्या शेवटच्या दिवशी तिनं साहेबांच्या टेबलावर एक छापील नमुना ठेवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. “बाई, ही तुमची सही आहे.”

“हो.”

“तुमच्याच फाईलवर तुमचीच हरकत?”

“रहिवासी आहे मी, साहेब. मधल्या फाटकापासून चौथं घर.”

“अहो, सहा वर्षं... लोक काय म्हणतील तुम्हाला?”

“आत्ता म्हणतात तेच म्हणतील.”

साहेब हसले नाहीत. “त्रास काय ते लिहिलं नाहीत.”

“रकाना लहान आहे,” ती म्हणाली.

८

नव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी शिट्टी पूर्ववत झाली. सकाळच्या गाडीला ती मुद्दाम लवकर निघून ऑफिसात बसली होती, आणि दिवसभर तिच्याशी कुणी कामापलीकडे बोललं नाही. संध्याकाळी सहाला घरी आली. दिवा लावला. बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसली. टीव्ही बंद होता. काळ्या काचेत खोली दिसत होती, खिडकी, दिवा, आणि खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेली एक बाई, कुठल्यातरी दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत असल्यासारखी.

सहा पस्तीस.

पहिली लांब शिट्टी आली आणि तिला वाटलं, ड्रायव्हर बिचकतोय. तीन महिन्यांनी हात घातला म्हणून हळूच देतोय. आवाज पार पलीकडच्या गावातून आल्यासारखा होता. मग तिचं लक्ष खिडकीकडे गेलं. काच थडथडत होती. चांगली हलत होती, चौकटीतून निखळेल अशी. पण ती हलताना दिसत होती, ऐकू येत नव्हती.

तिनं टीव्हीकडे बघितलं.

खुर्चीतल्या बाईच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बाही होती. कोपरात वाकलेली. बाह्यांची टोकं तिच्या कानांवर ठेवलेली, अलगद, नीट झाकून. बाह्यांच्या वर काय होतं, ते काचेच्या चौकटीबाहेर होतं.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला भीती वाटलीच नाही. आपल्यासाठी कुणीतरी उठून आलंय, एवढंच वाटलं. इतक्या वर्षांत किती वेळा उठावं लागलं असेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसरी लांब. आखूड. शेवटची लांब. ती मनात आकडे मोजत होती. चौदाला खिडकीची काच शांत झाली.

ती थांबून राहिली. पंधरा. सोळा. खिडकीतून शेवटचा डबा जाताना दिसला, फाटकाचे दांडे वर गेले, अडकलेली माणसं निघाली. एक सायकलवाला तोंड उघडून कुणाला तरी हाक मारत गेला. आवाज काही आला नाही. तीस. चाळीस. टेबलावरचा फोन उजळला. दादा. फोन थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला आणि खाली फरशीवर पडला, कापसावर पडावा तसा.

बाह्या हलल्या नव्हत्या. एकदा शिट्टी त्याला न सांगता बंद झाली होती, मध्येच कुणीतरी “कोण?” म्हणून विचारलं होतं, आता कधी संपली, कधी नाही, याचा भरवसा तिकडे कुणी का धरावा?

“संपली,” ती म्हणाली. काचेत तिचे ओठ हलले. घशात थोडं थरथरलं, कानांत काहीच नाही. म्हणून ती मोठ्यानं म्हणाली, मग होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, “संपली शिट्टी, सोड आता.”

बाह्या जराशा आणखी घट्ट झाल्या. मोठा आवाज झाल्यावर होतात, तशा.